रक्तात असणं आणि रक्तातून येणं

लिहीन लिहीन म्हणता म्हणता हा लेख दोन महिने रखडला. मधे ब्लॉगवर काहीच नाही म्हणून दोघा-तिघांनी मेल करून विचारलंही, सगळं ठीक ना? ठीक आहे मंडळी. विषय घरचा होता आणि घरचं किती चव्हाट्यावर मांडावं ते ठरत नव्हतं. शेवटी मामाच म्हणाला, "लिही. नाव नको टाकू, बाकी सारं लिही. दहा जणाले सांगू सांगू मीच थकलो." म्हणून लिहितोय. नातेवाईकांपैकी जे वाचतात त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावं. हा लेख मुख्यतः तुमच्यासाठीच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमचा तांडा पोहरादेवीजवळचा. मानोरा तालुका, वाशिम जिल्हा. आमच्या लहानपणी हा सगळा भाग अकोल्यात होता, १ जुलै १९९८ला वाशिम वेगळा झाला. पोहरादेवी म्हणजे आम्हा बंजाऱ्यांची काशी. सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे. रामनवमीला महाराष्ट्रातूनच नव्हे तर तेलंगणा, कर्नाटकातूनही माणसं येतात. आता तिथे मोठं नंगारा संग्रहालय झालंय, २०२४च्या ऑक्टोबरमध्ये त्याचं उद्घाटन झालं. पण आमच्या आठवणीतली पोहरादेवी म्हणजे धूळ, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, आणि गर्दीत हरवू नये म्हणून मामाचं घट्ट धरलेलं बोट.

तर हा मामा २०२२च्या पावसाळ्यात आजारी पडला. आधी नुसता थकवा, मग ताप, मग हिरड्यांतून रक्त. गावात सलाइन लावून झाली. मग दिग्रस, मग मोठं शहर. निदान झालं ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. बोन मॅरोच्या रिपोर्टात एक ओळ होती: "एनपीएम-१ म्युटेशन : आढळले." डॉक्टरांनी ती ओळ पेनानं अधोरेखित केली आणि म्हणाले, दुसरं एक वाईट म्युटेशन सोबत नाहीये, त्यामुळे ही त्यातल्या त्यात बरी बातमी. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. कॅन्सरमध्ये बरी बातमी कसली?

त्याच रात्री धाकट्या मावसभावाचा फोन आला. तो इंटरनेटवर शोधत बसला होता. "दादा, भेटलं! एनपीएम-१ नावाचं प्रोटीन इकत भेटते. मानवी आहे, शुद्ध केलेलं आहे. महाग आहे, पण आपण वर्गणी काढू. हे मामाले चालते का?"

मी पाठवलेली लिंक उघडली. खरंच होतं. करंगळीच्या नखाएवढी प्लास्टिकची नळी, आत ५० मायक्रोग्रॅम प्रथिन. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. नाव: रिकॉम्बिनंट मानवी एनपीएम-१. आणि खाली बारीक अक्षरात: फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये.

मला हसू आलं नाही. मी एम.एस्सी.ला असताना पुण्याच्या एका प्रयोगशाळेत अशीच प्रथिनं बनवली आहेत, आणि त्याचा प्रश्न अगदी सरळ होता. आमची मावशी, म्हणजे त्याची आई, रोज इन्सुलिन घेते. ते इन्सुलिनही असंच बनतं. माणसाच्या इन्सुलिनचं जनुक जिवाणूत घालून इन्सुलिन मिळवण्याचं काम १९७८ साली अमेरिकेत झालं आणि १९८२मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. आपल्याकडे औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) जैवतंत्रज्ञानाचा प्रकल्प उभा करणाऱ्या वोखार्टनं २००३मध्ये 'वोसुलिन' आणलं. भारतीय कंपनीनं बनवलेलं मानवी इन्सुलिन म्हणून ते पहिलं. मग आईला चालतं तर मामाला का नाही?

त्याला फोनवर जे धड सांगता आलं नाही ते इथे सांगतो. आधी ही नळी भरते कशी ते पाहा. माणसाच्या एनपीएम-१ जनुकाची प्रत प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यात घालतात. ते कडं ई. कोलाय या जिवाणूत सोडतात. जिवाणू रात्रभर फ्लास्कमध्ये हलवत वाढवायचे, मग एक रसायन घालून त्यांना इशारा द्यायचा, की आता बनवा. जिवाणूंना ते प्रथिन कशासाठी आहे ते ठाऊक नसतं, पण जनुकाची भाषा तीच असल्यामुळे ते निमूटपणे बनवतात. प्रथिनाच्या टोकाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे सहा मणी मुद्दाम जोडलेले असतात. ते निकेलला चिकटतात. म्हणून जिवाणू फोडून सगळा रस निकेलच्या नळकांड्यातून सोडला, की बाकीचा गाळ वाहून जातो आणि आपलं प्रथिन मागे उरतं. मग ते सोडवून घ्यायचं आणि उणे ८० अंशांवर ठेवायचं. ऐकायला सोपं वाटतं. आमच्या पहिल्या तीन खेपा नुसत्या गुठळ्या होऊन वाया गेल्या होत्या, हे जाता जाता.

गंमत बघा, या फ्लास्कमध्ये प्रथिन बनवतात ते जिवाणूचे रायबोसोम. आणि एनपीएम-१चं आपल्या पेशीतलं एक मोठं काम म्हणजे आपले रायबोसोम घडवायला मदत करणं. रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिनांचा कारखाना. जॉर्ज पालादे यांनी १९५५मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून हे कण दाखवले, 'रायबोसोम' हे नाव १९५८चं. त्याची बारीकसारीक रचना उलगडणाऱ्या तिघांना २००९चं नोबेल मिळालं. त्यातले वेंकटरामन रामकृष्णन हे चिदंबरमला जन्मलेले आणि बडोद्याला शिकलेले. पण तयार रायबोसोम कसा दिसतो हे कळणं वेगळं आणि तो जुळतो कसा हे कळणं वेगळं. माणसाच्या एका रायबोसोममध्ये चार आरएनए आणि ८० प्रथिनं असतात. ही जुळणी पेशीच्या केंद्रकात, केंद्रिका नावाच्या गडद ठिपक्यात सुरू होते. जुळणीला हातभार लावणारी, पण शेवटी रायबोसोममध्ये न राहणारी प्रथिनं दोनशेच्या वर आहेत. आपलं एनपीएम-१ त्यातलं एक.

ते सापडलं कसं? अमेरिकेत ह्यूस्टनला हॅरिस बुश यांच्या प्रयोगशाळेत १९७३ साली उंदराच्या निरोगी यकृतातल्या आणि कॅन्सरच्या पेशींतल्या केंद्रिकांची तुलना चालली होती. जेलच्या चौकोनी थरावर प्रथिनं दोन दिशांनी पसरवली की ठिपके उमटतात. ठिपक्यांना नावं तरी किती देणार? त्यांनी जेलचे ए, बी, सी असे भाग केले आणि ठिपक्यांना नंबर दिले. बी भागातला तेविसावा ठिपका म्हणजे बी-२३. बस. आपल्या मामाच्या रिपोर्टातल्या त्या ओळीचं पहिलं नाव हे. शाळेच्या हजेरीपटावरच्या नंबरासारखं. पुढे दुसऱ्या प्रयोगशाळांना तेच प्रथिन सापडलं आणि त्यांनी आपापली नावं ठेवली, कुणी न्यूमॅट्रिन, तर बेडकात शोधणाऱ्यांनी एनओ-३८. सगळे एकाच प्रथिनाबद्दल बोलत होते हे मागाहून लक्षात आलं. शेवटी न्यूक्लिओफॉस्मिन हे नाव रुळलं. एनपीएम हे त्याचंच लघुरूप. माणसातल्या या प्रथिनाच्या जनुकाची प्रत १९८९मध्ये हाती आली. २९४ अमिनो आम्लांची माळ.

त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या एका गटानं एक विलक्षण गोष्ट दाखवली. तोवर समज असा, की हे प्रथिन केंद्रिकेत बसून असतं, कारण कधीही बघा, तिथेच दिसतं. त्यांनी दोन वेगळ्या प्राण्यांच्या पेशी एकमेकींत मिसळून एक पेशी केली, दोन केंद्रकांची. थोड्या वेळानं बघतात तर एकाचं प्रथिन दुसऱ्याच्या केंद्रकात! म्हणजे ते बसून नव्हतं. सारखं बाहेर जात होतं आणि परत येत होतं. परत येऊन जास्त वेळ घरी थांबायचं, म्हणून कायम घरीच दिसायचं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजोबांच्या गोष्टी आठवल्या. लवण, म्हणजे मीठ वाहणारे म्हणून लमाण, असं ते सांगायचे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून निघायचं, महिनोन्‌महिने चालायचं, आणि पावसाळ्याआधी मुक्कामाला परतायचं. या प्रथिनाचंही तसंच आहे. रायबोसोमचे अर्धवट जुळलेले भाग केंद्रकाबाहेर पोचवायला ते मदत करतं आणि रिकाम्या हातानं परततं. शास्त्रज्ञ माझी ही उपमा ऐकून नाक मुरडतील, पण मामाला आजार समजावताना मला याहून चांगलं काही सुचलं नाही.

आता आजाराकडे येऊ. १९९४मध्ये लिम्फोमाच्या एका प्रकारात या जनुकाचा तुकडा तुटून दुसऱ्या जनुकाला जोडला गेल्याचं आढळलं. तेव्हा पहिल्यांदा त्याचं नाव कॅन्सरशी थेट जोडलं गेलं. मोठा शोध लागला २००५मध्ये, इटलीत पेरुजा इथे. ब्रुनांजेलो फालिनी आणि त्यांचे सहकारी बोन मॅरोच्या नमुन्यांवर या प्रथिनाला चिकटणारं रंगद्रव्य लावून बघत होते. निरोगी पेशीत रंग केंद्रकात दिसायला हवा. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या ५९१ रुग्णांपैकी २०८ जणांत, म्हणजे शंभरात ३५ जणांत, तो केंद्रकाबाहेर पसरलेला दिसला. प्रथिन घराबाहेर राहिलं होतं.

का? तर जनुकाच्या अगदी शेवटी चार अक्षरं जास्तीची घुसलेली असतात. बहुतेक रुग्णांत हीच: टी-सी-टी-जी. चार अक्षरांमुळे पुढचं सगळं वाचन सरकतं. माळेच्या टोकाला घराची खूण असते ती पुसली जाते, आणि तिच्या जागी बाहेर पडण्याची नवी खूण तयार होते. म्हणजे प्रथिन बाहेर जातं पण परतीची वाट विसरतं. आणि ही प्रथिनं पाच-पाचच्या टोळीनं राहतात, त्यामुळे बिघडलेलं आपल्यासोबत चांगल्यालाही बाहेर ओढून नेतं.

मावसभावाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मधुमेहात इन्सुलिन कमी पडतं, आणि इन्सुलिनचं काम पेशीच्या बाहेरून चालतं. टोचलं की रक्तातून पोचतं. मामाच्या पेशीत एनपीएम-१ कमी पडलं नव्हतं. ते चुकीच्या जागी होतं. बाहेरून टोचलेलं प्रथिन पेशीच्या आत, त्यातही केंद्रकाच्या आत, शिरणार कसं? आणि शिरलं तरी बिघडलेली प्रत आपलं काम सोडणार नाही.

मग ती नळी कुणासाठी? संशोधकांसाठी, आणि ते काम फुटकळ नाही. अशाच जिवाणूत बनवलेल्या शुद्ध प्रथिनाचे स्फटिक करून ते पाच-पाचच्या चकत्यांत कसं जुळतं ते पाहता आलं. २०१६मध्ये असं दिसलं की शुद्ध केलेलं हे प्रथिन आणि आरएनए परीक्षानळीत एकत्र केले तर आपोआप थेंब तयार होतात, पाण्यात तेलाचे होतात तसे. केंद्रिकेला भिंत नसते तरी ती विरघळून का जात नाही, याचा अंदाज त्यातून आला. बिघडलेली आणि चांगली प्रत शेजारी ठेवून काय बदलतं ते मोजायचं, नवं औषध कुठे चिकटतं ते तपासायचं, यासाठी ती ५० मायक्रोग्रॅमची नळी. तिनं रुग्ण बरा होत नाही. पण रिपोर्टातल्या एका ओळीचा अर्थ लावायला जी समज लागते ती अशाच नळ्यांतून थेंब थेंब जमलेली आहे.

मामाला नेहमीची केमो दिली. सात दिवस एक औषध, त्यातले तीन दिवस दुसरंही. ते महिने कसे गेले ते लिहीत नाही. पण त्या अधोरेखित ओळीचा खरा उपयोग पुढे झाला. बिघडलेल्या जनुकाची ती चार अक्षरं फक्त आजारी पेशींत असतात. म्हणजे उपचारानंतर ती शोधत राहिलं तर आजार किती उरलाय ते कळतं, अगदी लाखात एक पेशी असली तरी. २०१६मध्ये ब्रिटनमधल्या ३४६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर रक्तात ही खूण उरलेल्यांत तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण शंभरात ८२ होतं, न उरलेल्यांत ३०. आपल्याकडे खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, नव्या पद्धतीच्या जनुकवाचनानं हीच खूण मोजण्याचं काम झालं आणि २०१८मध्ये प्रसिद्ध झालं. आणि २०२५च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत झिफ्टोमेनिब नावाची गोळी मंजूर झाली, ज्यांचा हा एनपीएम-१वाला आजार उलटलाय किंवा उपचारांना दाद देत नाही त्यांच्यासाठी. मामाला तिची गरज पडलेली नाही. पडू नये.

मामाच्या दुसऱ्या फेरीनंतरच्या तपासणीत ती खूण दिसली नाही. त्यानंतरच्या प्रत्येक तपासणीतही नाही. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण मला जे सांगायचंय ते यातच आहे.

या दिवाळीनंतर मामेबहिणीची सोयरीक जवळजवळ ठरली होती. मुलगा चांगला, घर चांगलं. आणि मग मधल्या माणसाकडून निरोप आला: "पोरीच्या बापाले रक्ताचा कॅन्सर आहे म्हणतात. म्हणजे ते रक्तातच आलं. उद्या लेकराईले झालं तं?" मामी त्या दिवशी जेवली नाही. मामा नुसता बसून होता. बहिणीनं मला फोन केला आणि एकच विचारलं, "दादा, खरंच येते का ते माझ्यात?"

नाही येत. का नाही ते सांगतो. आईबापांकडून आलेली गोष्ट शरीराच्या प्रत्येक पेशीत असते. डोळ्यांचा रंग केमोनं जात नाही. मामाच्या त्या चार अक्षरांचं तसं नव्हतं. ती जन्मापासून असती, तर दुसऱ्या फेरीनंतरही तितकीच दिसली असती, कारण उरलेल्या निरोगी पेशींतही ती असतीच. ती गेली, याचाच अर्थ ती कधीच सगळ्या पेशींत नव्हती. मामाच्या वयात कधीतरी, बोन मॅरोतल्या कुठल्यातरी एका पेशीत ती उमटली आणि त्या पेशीची पिल्लावळ वाढली. बहिणीचा जन्म त्याच्या कितीतरी वर्षं आधीचा. ती तिच्यात जाणार कुठून? काही थोड्या घराण्यांत रक्ताच्या कॅन्सरकडे कल वारशानं येतो हे खरं आहे, त्याची जनुकं वेगळी आणि तपासणी वेगळी. डॉक्टरांनी घराण्याचा इतिहास विचारून ती शंका बाजूला ठेवली होती. रिपोर्टातली ही ओळ मात्र वारशाची नाही.

'रक्तात आहे' हे आपण किती सहज म्हणतो! आणि कुणी म्हणावं? आपण? १८७१मध्ये इंग्रजांनी कायदा केला, की काही जमाती जन्मानंच गुन्हेगार आहेत. पुढे तो वाढवत वाढवत इतर प्रांतांत लागू केला आणि बंजाऱ्यांचे काही गटही त्याच्या यादीत गेले. आधी याच लोकांच्या बैलांवर फौजांचं धान्य चालायचं. १८५३मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, मग रूळ देशभर पसरले आणि बैलांचा धंदा बसला. धंदा गेलेल्या फिरत्या माणसाला नाव पडलं जन्मजात गुन्हेगार. पाळण्यातल्या लेकरालाही. तो कायदा १९५२ला गेला, म्हणून आजही कागदावर आपण 'विमुक्त जाती' आहोत. आजोबा हा शब्द उच्चारताना दर वेळी क्षणभर थांबायचे. एकाच्या माथी आलेली गोष्ट त्याच्या पोटच्या पोराच्या माथी मारणं म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्यानं शिकवायला नको. म्हणून मला त्या निरोपाचं जास्त लागलं. तो परक्यांकडून आला नव्हता.

मी मुलाच्या वडिलांना भेटायला गेलो. मामाचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून नेले होते. शिकलेला माणूस, शांतपणे ऐकून घेतलं. चहा झाला. म्हणाले, घरी विचारून सांगतो. अजून काही कळवलेलं नाही. नाही म्हणाले तरी तो त्यांचा हक्क आहे. पण कारण हे नसावं, एवढंच.

असो. फार लांबलं. रामनवमीला मामाला पोहरादेवीला जायचंय. डॉक्टर म्हणाले, जा, पण गर्दीत मास्क लावा. मावसभाऊ गाडी काढणार आहे. मी म्हटलं, मीही येतो. लहानपणी गर्दीत त्याचं बोट मी धरायचो, यंदा तो माझा हात धरेल बहुतेक.

ता.क. : ज्यांच्या घरात असा रिपोर्ट आला असेल त्यांनी इथून काही ठरवू नका. तो रिपोर्ट घेऊन आपल्या डॉक्टरांनाच विचारा, "हे जन्मजात आहे की नंतर आलेलं?" हा प्रश्न विचारायला आम्हाला तीन वर्षं लागली. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा.